‘फॉर्मॅलिटीच ना, मामा?’

गेल्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेच्या हमीपत्राची, म्हणजे कर्जाला जामीन राहण्याच्या कागदाची, पीडीएफ पाठवली. नवं युनिट टाकतोय. खाली लिहिलं होतं, ‘बायकोचीही सही मागतायत. फॉर्मॅलिटीच ना, मामा?’

हाच शब्द मी 2016 साली साताऱ्यात ताईच्या घरी ऐकला होता. बँकेच्या साहेबांनी पानापानावर पेन्सिलने फुल्या मारून आणल्या होत्या. ताई चहा ठेवून आली आणि पदराला हात पुसून फुलीवर सही करत गेली. तीन वर्षांत भावजींची कंपनी एनसीएलटीत, म्हणजे दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली. नव्या मालकाने ती स्वस्तात उचलली, बँकेने हेअरकट घेतला, म्हणजे कंपनीकडच्या येण्यातला काही भाग सोडला, आणि उरलेल्या रकमेची नोटीस ताईच्या नावाने आली. कंपनी आजही चालू आहे, गेटवर पाटी तेवढी बदलली. ताईचं घर मात्र गेलं.

आपल्याकडच्या चर्चेत ताई कुठेच नसते. तिथे असतो तो ‘प्रवर्तक’, कंपनी उभी करून चालवणारा. त्याने बँका बुडवल्या, त्याला सोडू नका. 1 डिसेंबर 2019 पासून कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांना दिवाळखोरी संहितेखाली आणलं, तेव्हा मीही इथून, दक्षिण आफ्रिकेतून, टाळ्या वाजवल्या होत्या. मे 2021 मध्ये ललितकुमार जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंपनीला कर्जातून सोडवायची योजना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही. चुकीचं नाही ते. पण संहितेच्या लेखी हमीदार म्हणजे कंपनीसाठी जामीन राहिलेली कोणतीही व्यक्ती. पैसे वळवणारा आणि चहा ठेवून येऊन सही करणारी, दोघं एकाच जाळ्यात.

मी जोहान्सबर्गला हिशेबाच्या कामात आहे. इथे 2011 पासून ‘बिझनेस रेस्क्यू’ आहे. कंपनी अडचणीत आली की तिच्यावरची वसुली थांबते, एक प्रॅक्टिशनर, म्हणजे त्यासाठी नेमलेला तज्ज्ञ, योजना आखतो आणि 75 टक्के मतमूल्याच्या (ज्याचं येणं मोठं, त्याचं मत मोठं) घेणेकऱ्यांनी होकार दिला की ती पुढे सरकते. ‘रेस्क्यू’ ऐकून संचालकांना वाटतं, आपलीही सुटका झाली. तसं नसतं. स्थगिती कंपनीला, जामीनदाराला नाही. 2021 मध्येच ब्लूमफाँटेनच्या अपील न्यायालयाने व्हॅन झिल खटल्यात योजना मंजूर झाल्यावरही जामीनदाराला मोकळं केलं नाही. ‘परदेशात बघा कसं असतं’ म्हणायची सोयच उरली नाही.

उलट एक गंमत आहे. इथला रोमन-डच कायदा जामीनदाराला हक्क देतो, की ‘आधी कंपनीकडून वसूल करा, मग माझ्याकडे या.’ आणि बँकेचा छापील फॉर्म तो हक्क सोडल्याचं त्याच्याकडूनच लिहून घेतो. आपल्या 1872 च्या करार कायद्याने हा आडपडदाच ठेवलेला नाही. बँक थेट जामीनदाराच्या दारात येऊ शकते.

इथली एक गोष्ट मात्र मला उचलावीशी वाटते. नवरा-बायकोची मिळकत सामाईक असेल, तर एकाला जामीन राहताना दुसऱ्याची लेखी संमती लागते, दोन साक्षीदारांसमोर आणि प्रत्येक व्यवहाराला वेगळी. यालाही पळवाट आहे. जामीन नेहमीच्या धंद्याच्या ओघात दिला असेल तर संमती लागत नाही, आणि संचालकांच्या बाबतीत बँका तेच पुढे करतात. शिवाय ताईला विचारलं असतं तर तिने संमतीही दिली असती, हे मला ठाऊक आहे. भावजींना नाही कोण म्हणणार? पण निदान एकदा, चहाचा कप बाजूला ठेवून, कुणीतरी तिला समोर बसवून आकडा सांगितला असता.

हमीदारांना माफी द्या असं मी म्हणत नाही. घरच्या माणसाची हमी घ्यायची तर तिला कमाल रकमेची मर्यादा असावी, ती मराठीत लिहिलेली असावी आणि कंपनीची योजना ठरताना त्या माणसालाही बोलावणं जावं. प्रवर्तकाला हवं तेवढं पिळा.

भाच्याला उत्तर लिहिलं, ‘तुझी सही कर. तिच्या सहीपुढे आकडा किती ते बँकेला विचार.’ दोन निळ्या टिका आल्या. आठवड्याने त्याचा मेसेज आला, ‘साहेब म्हणतात, आकडा नसतो त्यात.’