एका फॉरवर्डमध्ये कोंबलेल्या पाच अळंब्या

फणसोंब्याबद्दलचा एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरत असतो. शब्द इकडेतिकडे होतात, पण गाभा साधारण असा: फणसाच्या खोडावर येणारा तपकिरी, टणक फणसोंबा (कुणी फणसांबा म्हणतं) हा झाडाचाच औषधी अंश आहे. ज्या झाडावर तो येतो ते झाड निरोगी. जितका मोठा तितका जुना, आणि जितका जुना तितका गुणकारी. रशियात यालाच चागा म्हणतात आणि चीनमध्ये सांगहुआंग. जपान सरकारने कॅन्सरवर त्याला मान्यता दिली आहे. कुठल्याही झाडावरचा चालतो, रोज काढा करून प्या, नैसर्गिक असल्यामुळे अपाय नाही. सोबत एक लालबुंद, वॉर्निश मारल्यासारखा चकचकीत फोटो.

आधी फोटोचं बघू, कारण तो फणसोंब्याचा नाहीच. तो गॅनोडर्माचा आहे; चीनमध्ये लिंगझी आणि जपानमध्ये रेशी म्हणून विकला जातो तो. गॅनोडर्माच्या पाठीवर लाखेसारखा चमकदार थर असतो. फणसोंब्याची पाठ काळपट, रखरखीत, बहुतेक वेळा भेगाळलेली, आणि आतला गर गंजासारखा तपकिरी. फणसोंबा फेलिनस गटातला, म्हणजे हायमेनोकीटेसी या कुळातला. गॅनोडर्माचं कुळ तर वेगळं आहेच, वरचा गणही (अनेक कुळांचा मोठा गट) वेगळा आहे. ज्याला फोटो निवडताना एवढा फरक दिसला नाही, त्याने पुढे कॅन्सरबद्दल काय लिहिलंय ते जरा जपूनच वाचावं.

“झाडाचाच औषधी अंश.” नाही. फणसोंबा ही बुरशी आहे आणि ती झाड खाते. आपल्याला बाहेर दिसते ती अर्धगोल फळी म्हणजे बुरशीचा फक्त बीजाणू सोडणारा अवयव. खालच्या बाजूला नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी छिद्रं असतात. प्रत्येक छिद्र म्हणजे एका बारीक नळीचं तोंड, आणि बीजाणू त्या नळ्यांच्या आतल्या भिंतींवर तयार होतात. खरी बुरशी खोडाच्या आत असते, धाग्यांच्या जाळ्याच्या रूपात. फळी दिसायला लागते तेव्हा आतलं जाळं बहुधा कित्येक वर्षं कामाला लागलेलं असतं.

ते काम समजून घेण्यासारखं आहे. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन हे रसायन इतकं गुंतागुंतीचं आहे की ते पुरतं मोडण्याची कला मोजक्याच सजीवांना साधली. हायमेनोकीटेसी त्यातलं एक कुळ. या बुरश्या मँगनीज पेरॉक्सिडेजसारखी विकरं (एन्झाइम) बाहेर सोडून लिग्निन तोडतात, सेल्युलोजही खातात, आणि मागे उरतं ते फिकट, तंतुमय, हातात चुरगळणारं लाकूड. याला पांढरी कूज म्हणतात. 2012 साली अनेक लाकूडखाऊ बुरश्यांच्या जनुकसंचांची तुलना करून असा अंदाज मांडला गेला की लिग्निन मोडणारी ही विकरं सुमारे 29 ते 30 कोटी वर्षांपूर्वी विकसित झाली. त्या तुलनेत याच कुळातली फोमिटिपोरिया मेडिटेरानिया होती, जी युरोपात द्राक्षवेलींच्या खोडात राहते आणि बागायतदारांची झोप उडवते.

“फणसोंबा आलेलं झाड निरोगी.” हे उलटं आहे, पण पूर्ण उलटंही नाही. खोडाचा मधला गाभा मृत पेशींचा असतो. पाणी आणि अन्न वाहणारा जिवंत भाग बाहेरच्या बाजूला. फेलिनस गटातल्या अनेक जाती मुख्यतः गाभा पोखरतात, त्यामुळे झाडाला पालवी येते, फणसही लागतात, आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. झाडही गप्प बसत नाही. जखमेभोवतीच्या पेशींत ते अडथळे उभारतं आणि कूज एका कप्प्यात कोंडायचा प्रयत्न करतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवून दिलं होतं. अशी झाडं दशकानुदशकं उभी राहू शकतात. मात्र वाऱ्यापावसात मोडण्याचा धोका वाढलेला असतो, आणि तो धोका पानांकडे बघून कळत नाही.

इथे फॉरवर्डवाल्यांना नाही, पण “अळंबी दिसली की झाड तोडा” म्हणणाऱ्यांना एक सांगायला हवं. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्याला मोठ्या जुन्या झाडांत आयती पोकळी लागते, आणि अशा पोकळ्या घडवण्यात कुजवणाऱ्या बुरश्यांचा मोठा हात असतो. देवराईतल्या झाडावरचा फणसोंबा हा रोग म्हणून बघण्यात फारसा अर्थ नाही.

पण याच कुळात एक जात अशी आहे की तिथे दयामाया नाही. 1932 साली सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या ई. जे. एच. कॉर्नर यांनी तिचं वर्णन केलं. पुढे ती फेलिनस नॉक्सियस म्हणून ओळखली गेली आणि 2018 पासून तिचं नाव पायरोडर्मा नॉक्सियम आहे. ही मुळांवाटे पसरते, जिवंत भागालाही मारते, शेजारच्या झाडाच्या मुळाला मूळ टेकलं की तिकडे जाते. रबर, चहा, कॉफी, आणि दोनशेहून अधिक जातींची झाडं तिला चालतात. तैवान आणि हाँगकाँगमध्ये तिने जुनी मोठी झाडं घालवली आहेत. म्हणजे एकाच कुळात फणसाबरोबर वर्षानुवर्षं नांदणारा भाडेकरूही आहे आणि बाग साफ करणारीही आहे.

“जितका मोठा तितका जुना.” चीनच्या हैनान बेटावर 2010 साली याच कुळातल्या फेलिनस इलिप्सॉइडियसची एक फळी सापडली, पडलेल्या ओकच्या खालच्या अंगाला चिकटलेली. लांबी 10 मीटरहून जास्त, वजनाचा अंदाज 400 ते 500 किलो. आणि वय? सुमारे 20 वर्षं. फेलिनसच्या बहुवर्षायू फळीत नळ्यांचे थर एकावर एक चढतात हे खरं, पण आपल्याकडच्या हवामानात दर थर म्हणजे एक वर्ष असा हिशेब धरता येत नाही. जुन्याचा गुण वाढतो हा तर निव्वळ शोध. जुन्या फळीत वाढते ती किड्यांची भोकं आणि वर बसलेलं शेवाळ.

आता मुख्य मुद्दा: “यालाच चागा म्हणतात, यालाच सांगहुआंग.”

ही तीन एका कुळातली आहेत, इतकंच खरं. कुळाची ओळख चांगली ठळक आहे. तपकिरी गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकला की तो काळा पडतो आणि काळाच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांच्या पडद्यांपाशी बाकीच्या कित्येक बुरश्यांत दिसणारी जोडकडी (क्लॅम्प) यांच्यात नसते. पुष्कळ जातींत जाड भिंतीचे, टोकदार, तपकिरी काटे दिसतात. तपकिरी-पिवळा रंग येतो तो स्टायरिलपायरोन गटातल्या हिस्पिडिनसारख्या द्रव्यांमुळे. पण या एका छपराखाली काय काय आहे बघा: फणसोंब्यासारख्या टणक फळ्या, सालीवर नुसती पसरलेली, छिद्रंही नसलेली हायमेनोकीटी, आणि जमिनीवर देठावर उभी राहणारी कोल्ट्रिशिया, जी लाकूड कुजवण्याऐवजी झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगते. देशपांडे आडनावाचा एक जण डॉक्टर झाला म्हणून सगळ्या देशपांड्यांकडून इंजेक्शन घ्यायचं, असा हा कारभार आहे.

कुळाच्या आतही घरं बदलत राहिली. पूर्वी हिशेब सोपा होता: टणक, बहुवर्षायू आणि दोन प्रकारच्या धाग्यांची ती फेलिनस, मऊ, एका हंगामाची आणि एकाच प्रकारच्या धाग्यांची ती इनोनोटस. 2001–02 मध्ये जर्मनीतल्या वॅग्नर आणि फिशर यांनी डीएनए तपासला तेव्हा ही वाटणी टिकली नाही. टणकपणा अनेक शाखांमध्ये विखुरलेला निघाला आणि फेलिनसचे तुकडे पडून फोमिटिपोरिया, फुल्व्हिफोमेस, फस्कोपोरिया अशा प्रजाती (जवळच्या जातींचे गट) वेगळ्या उभ्या राहिल्या.

सांगहुआंगची गोष्ट तर याहून बोलकी आहे. चीन, कोरिया आणि जपानमध्ये तुतीवर येणाऱ्या या अळंबीवर कित्येक वर्षं संशोधन झालं, ते बहुतांशी ‘फेलिनस लिंटियस’ या नावाखाली. पण लिंटियसचा मूळ नमुना निकाराग्वाचा, म्हणजे मध्य अमेरिकेचा. 2012 साली तैवानचे शेंग-हुआ वू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तुतीवरची खरी सांगहुआंग ही तोवर नावच न मिळालेली जात होती. 2016 मध्ये तिची प्रजाती सांगहुआंगपोरस झाली आणि लिंटियस ट्रॉपिकोपोरसमध्ये गेली. जिथे प्रयोगशाळेतल्या माणसांचाही कोणती अळंबी कोणती असा घोळ झाला, तिथे अलिबागच्या फणसावरची फळी बघून “हीच ती” म्हणणारा आत्मविश्वास थक्क करणारा आहे.

आणि चागा? तो थंड प्रदेशातल्या बर्चवर येतो, इनोनोटस ऑब्लिक्वस. खोडावरचा जळक्या कोळशासारखा काळा गोळा म्हणजे चागा. त्यावर बीजाणू धरतच नाहीत. बीजाणूंचा थर झाड मेल्यावर सालीखाली येतो. फणसोंब्याशी दिसण्यातही साम्य नाही.

“जपान सरकारची मान्यता.” जपानमध्ये 1977 साली कर्करोगाच्या उपचाराला जोड म्हणून मान्यता मिळाली ती पीएसके या द्रव्याला. ते ट्रामेटिस व्हर्सिकलर या पातळ, रंगीत पट्ट्यांच्या अळंबीपासून काढतात. तिचा गण वेगळा, कुळ वेगळं, आणि ते शुद्ध केलेलं द्रव्य होतं, घरचा काढा नव्हे. फणसावरच्या बुरशीबद्दल शोधायचंच तर त्रिशूरच्या अमला कॅन्सर संशोधन केंद्राकडे बघावं. तिथे फेलिनस रिमोससच्या अर्कावर काम झालं आहे आणि निष्कर्ष रस घेण्याजोगे आहेत. पण ते उंदरांवरचे आहेत. उंदरापासून माणसापर्यंतच्या वाटेत बहुतेक द्रव्यं गळतात.

“कुठल्याही झाडावरचा, रोज, अपाय नाही.” फणसोंब्याचा पारंपरिक वापर मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. सहाणेवर थोडासा उगाळून तोंडात, हिरड्यांना लावणं, लाळ फार गळत असेल तर, किंवा जुलाबावर. मात्रा थोडी, तक्रार ठरलेली. पुणे विद्यापीठातले जे. जी. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वापराची शास्त्रीय नोंद केली, आणि त्यातूनच कळतं की फणसोंबा या एका नावाखाली फेलिनसच्या एकापेक्षा जास्त जाती वापरल्या जातात. वैदूंच्या परंपरेत लिटरभर काढा नाही आणि कॅन्सरही नाही. तो फॉरवर्डने परंपरेच्या नावावर खपवला आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला मात्र आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, त्यात उगाळलेला फणसोंबाही आला.

अपायाचं म्हणाल तर त्याच चागाचं उदाहरण पुरे. 2014 साली जपानमधल्या डॉक्टरांनी यकृताच्या कर्करोगाच्या 72 वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. ती सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पूड घेत होती. चागात ऑक्झलेट भरपूर. मूत्रपिंडात त्याचे स्फटिक साचले आणि तिला डायलिसिसवर जावं लागलं. फणसोंब्याने असंच होईल असं मी म्हणणार नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे फॉरवर्डचीच चूक उलट्या दिशेने करणं. पण नैसर्गिक म्हणून निर्धोक हा तर्क त्या एका केसने निकालात निघतो.

फॉरवर्डच्या काही आवृत्त्यांत शेवटी एक ओळ असते: फणसोंबा खरवडून काढा, म्हणजे औषधही मिळेल आणि झाडही बरं होईल. झाड बरं होणार नाही. जाळं आत आहे, फळी काढली तर काही काळाने दुसरी येईल, आणि कोयत्याने साल सोलली गेली तर नव्या बीजाणूंना दार उघडून मिळेल. अंगणातल्या फणसावर फळी आली असेल तर ती खोडावर वर आहे की बुंध्याशी, हे आधी बघा. बुंध्याशी असेल आणि झाड घरावर किंवा रस्त्यावर झुकलेलं असेल तर पावसाळ्याआधी जाणकाराकडून आतून तपासून घ्या. जात कोणती ते कळून घ्यायचं असेल तर पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा आजरेकर यांच्या नावाचा नमुनासंग्रह आहे. अशा ठिकाणी ओळख पटवायला वाळवलेल्या फळीचा तुकडा, झाडाचं नाव आणि जागा एवढी माहिती हाताशी असली तर काम सोपं होतं. मोबाइलवरच्या फोटोवरून ते सहसा जमत नाही.