डाव कुणाच्या हाती

उडुपीच्या श्रीकृष्ण मठात दर दोन वर्षांनी सत्तांतर होतं. सम साल, 18 जानेवारी, पहाटेची वेळ. मध्वाचार्यांच्या परंपरेतले आठ मठ, प्रत्येकाची पाळी ठरलेली. जाणारे स्वामी येणाऱ्या स्वामींच्या हाती अक्षयपात्र, किल्ल्या आणि सट्टुग, म्हणजे आपला स्वयंपाकातला डाव, सोपवतात आणि दोन वर्षांच्या कारभारातून मोकळे होतात. या सोहळ्याला पर्याय म्हणतात. हे मला कळलं तेव्हाच मी ठरवलं, सासूबाईंना हे दाखवायचंच.

कारण आमच्याकडचं सत्तांतर कित्येक वर्षं रखडलंय. दर पाडव्याला सासूबाई जाहीर करतात, "आता तूच बघ गं सगळं, मी आपली देवाचं करीन." आणि दुपारी आमटीला उकळी फुटली की देव सोडून माझ्या मागे येऊन उभ्या राहतात. "मीठ बघितलंस?" बघितलं. "थांब, मी बघते." फोडणीचा डबा माझ्या ताब्यात आहे, पण गोड्या मसाल्याची बरणी त्यांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. नवरा म्हणतो, "तुमच्या दोघींत मला ओढू नका." आणि दोघींच्या हातचं जेवतो.

तर 2020 चा पर्याय गाठायचा ठरला. पलिमार मठाची पाळी संपून अदमार मठाची सुरू होणार होती. त्यात दुधात साखर म्हणजे अदमारचे ज्येष्ठ स्वामी विश्वप्रियतीर्थ यांनी स्वतः पीठावर न बसता आपले शिष्य ईशप्रियतीर्थ यांना पुढे केलं होतं. मत्स्यगंधा एक्स्प्रेसमध्ये ही बातमी मी मुद्दाम मोठ्यानं वाचली. सासूबाईंनी शांतपणे दशमीचा डबा उघडला आणि म्हणाल्या, "शिष्य तयार झाला असेल चांगला."

17 तारखेच्या रात्री उडुपीत झोपायचं नसतं. आपल्याला वाटलं तरी झोपता येत नाही. चौकाचौकांत मंच, गाणी, नाटकं, त्यात चेंडे, म्हणजे तिकडचे ढोल, वाजायला लागले की छातीतलं धडधडणं आपलं की वाद्याचं हेच कळेना. येणारे स्वामी पहाटेच्या अंधारात कापूजवळच्या दंडतीर्थावर स्नान करतात, मग जोडुकट्टेपासून मिरवणूक निघते. आम्ही रथबीदीत, म्हणजे मठासमोरच्या रथाच्या रस्त्यावर, चांगली जागा धरून बसलो होतो. सासूबाईंनी सोबत आणलेली चटई अंथरली. तिच्यावर आधी आम्ही दोघी होतो. मध्यरात्री बघते तर चटईवर अख्खं एक कुटुंब, आणि मी डांबरावर. सासूबाई मात्र मधोमध, कोल्लूरकडच्या एका आजींशी गप्पा मारत. त्यांना कन्नड येत नाही, आजींना मराठी येत नव्हतं, आणि दोघींचं हिंदी असं की ऐकणाऱ्यानं दोन्ही भाषा विसराव्यात. तरी पहाटेपर्यंत आजींच्या तिन्ही सुनांचा हिशेब झालेला होता.

मिरवणूक आली. चित्ररथ, वाघाचे वेष, भजनी मंडळ्या, पालख्या. माझ्यासमोर मात्र एका गृहस्थांची पाठ आणि त्यांच्या खांद्यावर बसलेलं झोपाळू पोर. त्या पोरानं पर्याय बघितला की नाही देव जाणे, पण माझ्या केसांत त्याचा चिवडा सकाळपर्यंत होता. नवे स्वामी आधी कनकन किंडीतून, त्या नऊ भोकांच्या खिडकीतून, कृष्णाचं दर्शन घेतात, मग चंद्रमौळीश्वर आणि अनंतेश्वराला जाऊन येतात आणि मठात शिरतात. आणि ज्या क्षणासाठी मी रात्रभर डांबरावर बसले, तो डाव हातात देण्याचा प्रसंग घडतो आत. बाहेर पडदा लावलेला होता. ऐन वेळी पडद्यासमोर कुणीतरी फोटोसाठी दोन्ही हात वर केले. मी ओरडले, "आई, दिला! डाव दिला!" सासूबाई म्हणाल्या, "दिसला का तुला? मग नीट धुऊन दिला का ते सांग."

सकाळी मठाच्या मागे मध्वसरोवराकडे गेलो. तिथं पुढच्या दोन वर्षांच्या स्वयंपाकाचं सरपण रथाच्या आकारात रचलेलं असतं, वर निमुळतं, खाली रुंद, एक ओंडका इकडचा तिकडे नाही. सासूबाई त्याच्याभोवती फिरल्या, वाकून खालची लाकडं निरखली. हे सगळं आधी वर्षभर चालू असतं हे त्यांना आजींकडून कळलं होतं: केळी लावण्याचा मुहूर्त, तांदळाचा मुहूर्त, लाकडाचा मुहूर्त, साळीचा मुहूर्त. "बघ," त्या म्हणाल्या, "असं एकदम उठून कुणी डाव मागत नाही."

पुढे दर्शनाची रांग. उडुपीचा कृष्ण बाळरूपात आहे, एका हातात रवी, दुसऱ्यात दोरी. तासन् तास ढकलत ढकलत समोर पोचलो, क्षणभर मूर्ती दिसली, पुढे लोटले गेलो. मी घामानं निथळत विचारलं, "झालं ना दर्शन?" "झालं. देवानंसुद्धा रवी सोडलेली नाही गं."

जेवायला पंगतीत बसलो. वाढपी बादल्या घेऊन धावत होते. भातात सारासाठी आळं करेपर्यंत सार वाढून वाढपी चार पानं पुढे. सार सावरता सावरता मला पायसमच मिळालं नाही. सासूबाईंना दोनदा मिळालं, त्यांनी वाढप्याला मराठीत दरडावलं होतं.

परतीच्या गाडीत मी शेवटचा प्रयत्न केला. दोन वर्षं झाली की स्वामी कसे निमूट बाजूला होतात, वगैरे. सासूबाईंची तयारी माझ्याहून चोख होती. आठ मठ, दोन-दोन वर्षं, म्हणजे सोळा वर्षांनी पाळी परत येते. आदल्याच महिन्यात गेलेले पेजावरचे विश्वेशतीर्थ स्वामी पाच वेळा पीठावर बसले होते, 1952, 1968, 1984, 2000 आणि 2016. सालं त्यांना तोंडपाठ.

"तेव्हा दोन वर्षं तू कर," त्या म्हणाल्या, "मग चौदा वर्षं मी आहेच."

दोन तर दोन, मी लगेच हो म्हटलं. कधीपासून, तेही विचारलं.

"आधी केळीचा मुहूर्त नको का?"

घरी आल्यावर त्यांनी गॅलरीत कुंडीत केळ लावली. आमची ती गॅलरी उत्तरेकडची, समोर शेजारच्या इमारतीची भिंत, वर्षभर ऊन म्हणून येत नाही. पलीकडे दुसरी गॅलरी आहे, चांगली उन्हाची. कुंडीची जागा सासूबाईंनी स्वतः निवडली.