मोड किती यापेक्षा ते कोणत्या क्रमाने येतात ते बघा

टॉर्चवरच्या एका लेखात 'जितके मोड जास्त, तितका टॉर्च चांगला' असं म्हटलंय, ते मत पटलं नाही. बटण दाबत गेल्यावर हाय, मीडियम, लो, स्ट्रोब (झपाट्याने लुकलुकणारा प्रकाश) असं चक्र असेल तर लोवरून हायवर परत जाताना दरवेळी स्ट्रोब डोळ्यात घुसतो. तो डबल क्लिकमागे लपवलेला असला तर ठीक, चक्रात नकोच.

अँड्युरिल हे फर्मवेअर (टॉर्चच्या आतलं, बटण दाबल्यावर काय होईल ते ठरवणारं सॉफ्टवेअर) मला मनापासून आवडतं ते याचसाठी. टॉर्च बंद असताना बटण दाबून धरलं की सगळ्यात मंद प्रकाश येतो. धरूनच ठेवलं तर तो हळूहळू वाढतो आणि सोडाल तिथे थांबतो. रात्री पाणी प्यायला उठलं तर घरातलं कुणी जागं होत नाही. त्याच्या पुढच्या आवृत्तीत, अँड्युरिल २ मध्ये, बंद अवस्थेत ४ क्लिक केले की लॉक, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी टॉर्च हायवर लागत नाही.

हे लॉक खरंच वापरा. बाजूचं इलेक्ट्रॉनिक बटण खिशात सहज दाबलं जातं आणि १८६५० सेलचा (या आकाराच्या रिचार्जेबल लिथियम-आयन सेलचा) टॉर्च हायवर कापड करपण्याइतका तापू शकतो. मागचं झाकण पाव फेरा सैल केलं तर आणखी उत्तम, स्टँडबायला, म्हणजे टॉर्च बंद असतानाही, खर्च होणारा करंटही थांबतो. मात्र त्यासाठी झाकणाचे आटे ॲनोडाइज्ड, म्हणजे वीज न वाहू देणारा थर दिलेले, हवेत. ते उघड्या ॲल्युमिनियमचे, चकचकीत असतील तर सर्किट सहसा तुटत नाही. मग सेलच काढून ठेवा.

घेताना अजून एक बघा: लो मोडवर फोनचा कॅमेरा धरा. स्क्रीनवर सरकते काळे पट्टे दिसले तर पीडब्ल्यूएम (प्रकाश मंद करण्यासाठी एलईडी वेगाने चालू-बंद करण्याची पद्धत) संथ आहे, टॉर्च हलवताना प्रकाश तुटक दिसणार.