फेलोशिप आली की देतो

आमचा कट्टा म्हणजे रव्याच्या झेरॉक्स-बायंडिंगच्या दुकानाची पायरी. पायरी भरली की समोर लावलेल्या गाड्यांच्या सिटा. नाशिकची डिसेंबरातली थंडी, साडेआठ वाजलेले, आणि सुन्या आल्या आल्या पेटला.

"पीएचडी करून काय दिवे लावणार?"

वाक्य सुन्याचं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांच्या तोंडून निघालं, त्यावर गदारोळ झाला आणि तेव्हापासून कुठल्याही कट्ट्यावर फुकट वापरायला उपलब्ध आहे. सुन्यानं ते टाकलं तेव्हा दिलीप आत काउंटरवर स्पायरल बाइंडिंग करून घेत होता, हे त्याला दिसलं नव्हतं. किंवा दिसलं होतं. सुन्याचं सांगता येत नाही.

दिलीप धडगावकडचा, पावरा आदिवासी. वय ३१. शहरातल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतोय. विषय आहे सातपुड्यातली बर्टी, भादी, राळा असल्या धान्यांची देशी वाणं. त्याच्या आईला बियाणं हातात घेतल्यावर कुठल्या पाड्यावरचं ते कळतं. दिलीपला तेच लॅबमध्ये सिद्ध करायला सहा वर्षं लागणार आहेत, असं तो स्वतःच म्हणतो.

"माझं दिलीपबद्दल काही म्हणणं नाही," सुन्या जरा सावरला. "पण सगळीकडे जागा राखीव, वर महिन्याला ३७ हजार. माझ्या कंपनीत फ्रेशरला एवढा पगार नाही. अजून किती दारं उघडायची?"

३७ हजारांचा आकडा खरा आहे. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे संशोधकांची ज्युनियर फेलोशिप, ३१ ची ३७ हजार झाली, पुढे सीनियर झाल्यावर ४२. सुन्या आकडे पाठ करून येतो, ही त्याची जुनी खोड.

मंदारनं चहाचा ग्लास खाली ठेवला. तो स्वतः गाईड आहे, दुसऱ्या कॉलेजात. "दार उघडं आहे रे, पण आत कोण बसलंय ते बघ. प्रोफेसरला आठ विद्यार्थी घेता येतात, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम. आता या जागा कशा भरतात? पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा झाली, निकाल लागला, यादी लागली, असं कागदावर. खरं म्हणजे निकालाच्या सहा महिने आधी पोरं येऊन 'सर, तुमच्याकडे करायचंय' म्हणून बसलेली असतात. गाईड पकडणं म्हणतात त्याला. ज्याच्या घरात कुणी प्राध्यापक आहे त्याला हे माहीत असतं."

"मला नव्हतं माहीत," दिलीप बाहेर येत म्हणाला. "मला वाटलं, परीक्षा पास झालो म्हणजे ते बोलावतील. यादी घेऊन पाच जणांकडे गेलो. पाचही म्हणाले, जागा नाही. सहाव्या मॅडम म्हणाल्या, अरे आधी का नाही भेटलास? तेव्हा कळलं की आधी भेटायचं असतं."

सुन्या म्हणाला, हे काय जातीवर आहे का, माझ्या भाच्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. मंदार म्हणाला, तुझ्या भाच्यानं तुला फोन केला, तू मला केलास, मी त्याला तिघांची नावं दिली. आठवतंय? सुन्याला आठवत होतं. त्यानं चहा मागवला.

मग गाडी मुलाखतीवर आली. विश्या वकील आहे आणि त्याला समित्यांची नावं तोंडपाठ असतात. त्यानं दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाचं काढलं. तिथं प्रवेशात मुलाखतीला ३० मार्क असायचे. लेखीत बरा असलेला वंचित घरातला मुलगा मुलाखतीत मागे पडतो, हे आकड्यांत दिसलं म्हणून अब्दुल नाफे समितीनं २०१६ मध्ये ते मार्क कमी करायला सांगितले. "आणि त्याच वर्षी यूजीसीनं काय करावं? लेखी फक्त पास होण्यापुरती, पन्नास टक्के मिळवा आणि या. निवड पूर्ण मुलाखतीवर! दोन वर्षांनी सुधारलं ते. आता नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेवरून प्रवेश घेणाऱ्या बिगर-जेआरएफवाल्यांना नेटचे ७० टक्के, मुलाखतीचे ३०."

"३० ठीक आहे की," सुन्या.

"तुला ठीक आहे. दिलीप, तुला काय विचारलं होतं?"

दिलीप हसला. "मराठीत बोललो तर चालेल का विचारलं, तर चालेल म्हणाले. मी मराठीत बोललो. मग म्हणाले, शुद्ध बोला. माझी बोली पावरी. मराठी शाळेत शिकलो, इंग्रजी बीएस्सीला. मी बर्टी म्हणालो तर एक सर म्हणाले, सायंटिफिक नाव सांगा. एकिनोक्लोआ सांगितलं. तर म्हणे, उच्चार नीट करा."

कुणी काही बोललं नाही. रव्यानं आतून ओरडून विचारलं, "पारदर्शक कव्हर पुढे का मागे?" दिलीप म्हणाला, पुढे.

आता रव्याबद्दल. त्यानं या दुकानात हजारभर तरी थीसिस बांधले असतील. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाठीवर नाव आणि वर्ष. तो एकही वाचत नाही, पण ऋणनिर्देश सगळे वाचतो. त्यामुळे सुन्यानं "अर्धे थीसिस कॉपी-पेस्ट असतात" म्हटल्यावर रव्याच त्याच्या बाजूनं आला. एका थीसिसच्या ऋणनिर्देशात म्हणे दुसऱ्याच गाईडचे आभार होते. नाव बदलायचं राहून गेलं. पानं फाडून पुन्हा छापून दिली त्यानं. सुन्या खूश.

"पण तो," रव्या म्हणाला, "फेलोशिपवाला नव्हता. पगारी होता, प्रमोशनसाठी करत होता. पैसे रोख दिले." सुन्याची खुशी तेवढ्यावरच आटपली.

मनीषा इतका वेळ स्कूटीवर बसून मोबाइल बघत होती. ती चार वर्षं मँचेस्टरला होती. "तिकडे पण हेच आहे," ती म्हणाली. "२०१९ चा एक अहवाल आहे. तीन वर्षांत तिथल्या सरकारी संशोधन परिषदांनी १९,८६८ जणांना पीएचडीसाठी पैसे दिले. त्यात कृष्णवर्णीय आणि मिश्र-कृष्णवर्णीय किती? २४५. त्यातले कॅरिबियन घरांतले ३०."

"म्हणजे गोऱ्यांकडेही दिवे लागले नाहीत," सुन्या.

"पण मोजलं त्यांनी, परिषदांना जाब विचारता येईल अशा भाषेत. आपल्याकडे एका कॉलेजात आदिवासी पोरं किती आली, किती टिकली, किती मधेच निघून गेली, हे तू विचारून बघ कुणाला."

मला वाटतं, 'निघून गेली' हा त्यातला खरा शब्द आहे. आमची चर्चा अर्धा तास नुसती प्रवेशाभोवती फिरत होती. दिलीपला प्रवेश मिळून तीन वर्षं झाली होती आणि त्याचा प्रश्न वेगळाच होता.

"दादा, ३७ हजारांबद्दल तक्रार नाही," तो सुन्याला म्हणाला. "चांगली रक्कम आहे. पण मला ती चौदा महिने आलीच नाही, मग एकदम आली. सहा महिन्यांचा प्रगती अहवाल द्यायचा. त्यावर गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही. घरभाड्याचा दाखला वेगळा, हजेरी वेगळी. एक सही राहिली की पुढे काहीच हलत नाही. तेव्हा मॅडम परीक्षेच्या ड्युटीवर होत्या आणि मी त्यांच्या दारात."

"मग एकदम आली ना? बरंच की. बचत."

"बचत कसली? त्यात चौदा महिन्यांची उधारी गेली. लग्नाच्या सीझनला केटरिंगला वाढप्याचं काम केलं मी. पण त्याचंही काही नाही. माझं काम पिकावर आहे. बर्टी पावसाळ्यात पेरायची, दिवाळीआधी कापायची. प्लॉटचं भाडं, मजूर, धडगावच्या खेपा, हे सगळं जूनमध्ये लागतं. पैसे नोव्हेंबरात आले. म्हणजे नुसते पाच महिने नाही गेले, एक अख्खा खरीप गेला. आता पुढचा जून."

पीएचडीला कमाल सहा वर्षं. त्यातला एक पावसाळा कागदांच्या गठ्ठ्यात वाहून गेला. हे मला आजवर सुचलं नव्हतं, आणि माझा स्वतःचा काका कृषी खात्यात होता!

विश्या म्हणाला, नवीन नाही हे. बाबासाहेबांना १९१३ मध्ये सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली, महिन्याला साडेअकरा पौंड. कोलंबिया झालं, लंडनला गेले, लंडन स्कूलमध्ये नाव घातलं, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. काम अर्धवट टाकून परत. येताना पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं, ती बोट टॉर्पेडोनं बुडाली. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा कुठे १९२० ला पुन्हा लंडन. डीएस्सी १९२३ ला. "म्हणजे एवढ्या बुद्धीच्या माणसाची पण तीन वर्षं पैशांपायी गेली. आणि ते परत जाऊ शकले. किती जण परत जातात?"

सुन्या सहजासहजी हरत नाही. तो म्हणाला, बाबासाहेब बाबासाहेब होते. प्रत्येकाला त्यांच्याशी मोजू नका. ज्याच्यात धग असते तो करतोच.

मनीषा भडकली. "धग असली म्हणजे वाढपी व्हायचं का? तुझ्या पगाराची तारीख किती?"

"एक."

"आणि दोन तारखेपर्यंत नाही आला तर?"

"एचआरला मेल करतो."

"चौदा महिने न आला तर?"

सुन्या म्हणाला, मी नोकरी सोडेन. आणि मग गप्प झाला, कारण आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं. लगेच म्हणाला, "तरी पण राखीव जागांचं माझं मत बदललेलं नाही हं." कुणी बदल म्हणालंही नव्हतं.

दिलीपचं बाइंडिंग झालं. निळ्या कव्हरचा अहवाल, तीन प्रती, प्रत्येकीच्या शेवटी सह्यांच्या तीन रिकाम्या रेघा. रव्यानं काउंटरखालून लांबोडी वही काढली. मी वाकून बघितलं. प्रत्येक पानावर एक नाव, खाली तारखा, पानांचा हिशेब, आणि बऱ्याच पानांच्या तळाशी एकच शेरा: 'फेलोशिप आली की देतो.' काही पानं पूर्ण खोडलेली, म्हणजे चुकती झालेली. दोन-तीन पानांवर शेरा तसाच आणि तारखा २०१९ च्या. ती पोरं कुठं आहेत विचारलं तर रव्या म्हणाला, एक सुरगाण्याला आश्रमशाळेत तासिकेवर लागला, एक मुलगी लग्न होऊन गेली, तिसऱ्याचा फोन लागत नाही.

"खोडून टाक की मग," मंदार म्हणाला.

"कशाला? येईल एखादवेळी."

दिलीपच्या पानावर त्यानं १८० लिहिले. सुन्या खिशात हात घालत म्हणाला, "दिलीपचे राहू दे, माझ्याकडे लिही."

रव्यानं दोन पानं मागे उलटली. "तुझ्याकडे आधीचे चहाचे २४० आहेत. ते देतोस?"

"एक तारखेला देतो," सुन्या म्हणाला.