‘सरकारने छदाम दिला नाही’ म्हणे!

माझा धाकटा भाऊ यवतमाळकडे कापूस पिकवतो. परवा रात्री त्याचा फोन आला. त्याचे साडू पुण्यात असतात, कुंडीतल्या तुळशीपलीकडे त्यांनी काही पिकवलेलं नाही. त्यांनी त्याला एक मेसेज पाठवला होता, वर ‘वाचा जरा’ असा शेरा. भाऊ म्हणाला, “ताई, तू इतकी वर्षं इतिहास शिकवला ना, हे खरं हाय का वं?”

मेसेज थोडक्यात असा: १८४० नंतर लाखो अमेरिकन शेतकरी घोडागाड्या घेऊन पश्चिमेच्या ओसाड, रिकाम्या जमिनीकडे निघाले. एकेकटं कुटुंब, रोज रेड इंडियनांचे हल्ले परतवत. सरकारने छदाम दिला नाही. पीक बुडालं तरी कोणी हात पसरले नाहीत, कर्जमाफी मागितली नाही. आणि आपला शेतकरी बघा... पुढचं तुम्हाला पाठ असेल. माझ्याकडे हा याआधी दोनदा आला होता, मी सोडून दिला. भावाच्या फोनवर पोचला म्हटल्यावर मात्र सोडवेना.

घोडागाड्यांचं आधी उरकून घेते. बहुतेकांच्या गाड्या बैलांच्या होत्या, काहींच्या खेचरांच्या. बैल स्वस्त, वाटेवरच्या गवतावर भागवणारा, चिखलात दम धरणारा. हे यवतमाळात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गाडीत पीठ, खारवलेलं मांस, औजारं. माणसं बहुधा शेजारून पायी. मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावापासून पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगनपर्यंत सुमारे दोन हजार मैल, चार ते सहा महिने. सोपं नव्हतं, एवढं मेसेजवाल्याचं खरं.

रोजचे हल्ले मात्र सिनेमातले. जॉन अनरू या इतिहासकाराने १८४० ते १८६० या काळातल्या डायऱ्या, पत्रं, वर्तमानपत्रं चाळून मोजदाद केली. त्याचं पुस्तक १९७९ मध्ये, तो गेल्यावर प्रसिद्ध झालं. त्याचे आकडे: स्थानिक टोळ्यांच्या हातून मेलेले प्रवासी ३६२, प्रवाशांच्या हातून मेलेले स्थानिक ४२६. वीस वर्षांत, अडीच-तीन लाख माणसांच्या वाटचालीत. हल्ले झालेच नाहीत असं मी म्हणत नाही. पण प्रवाशांना खरं मारलं ते कॉलऱ्याने. शिवाय नदीत बुडून, चाकाखाली सापडून, स्वतःचीच बंदूक चुकून उडून माणसं गेली. आणि ज्यांच्या नावाने भीती घातली जाते तेच लोक वाट दाखवत, नदी पार करून देत, मासे विकत.

एकेकटं कुटुंब हेही नाही. तांडे करून जात, नायक निवडत, नियम ठरवत. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या गृहस्थाने १८४५ मध्ये प्रवाशांसाठी मार्गदर्शिका छापली आणि तीत कॅलिफोर्नियाचा एक ‘जवळचा रस्ता’ सुचवला. त्या रस्त्याने तो स्वतः तोवर गेलेला नव्हता. पुढच्या वर्षी डॉनर नावाच्या तांड्यातल्या मंडळींनी तो धरला. वाट जाणणाऱ्या एका जुन्या माणसाने वाटेवरच्या फोर्ट लॅरमी ठाण्यावर त्यांना बजावलं होतं, तरीही. सिएरा नेवाडा डोंगरांच्या बर्फात ती अडकली, ८० हून जास्त माणसांतली चाळीसेक मेली, आणि जगलेल्यांपैकी काहींनी मेलेल्यांचं मांस खाल्लं. न बघता पुढे ढकललेला मजकूर काय करू शकतो ते साडूंनी लक्षात घ्यावं.

आता तो छदाम. फ्रेमाँट या लष्करी अधिकाऱ्याने वाटांची पाहणी केली ती सरकारी पैशाने, त्याचे अहवाल छापले सरकारने. फोर्ट लॅरमी हे व्यापाऱ्यांचं ठाणं लष्कराने १८४९ मध्ये विकत घेतलं, ते या वाटेवरच्या लोकांसाठीच. हे किरकोळ. १८५० च्या कायद्याने ऑरेगनमध्ये आधीच वस्ती केलेल्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर मिळाले. लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको मिळून ६४०. फुकट! १८६२ मध्ये अध्यक्ष लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली: १६० एकर घ्या, पाच वर्षं राहा, कसा, जमीन तुमची. खर्च काय, तर नोंदणीची फी. आपल्या सीलिंग कायद्यात जिरायतीची कमाल मर्यादा ५४ एकर. म्हणजे आपल्याकडे जेवढी जमीन ठेवूच देत नाहीत, तिच्या जवळजवळ तिप्पट तिकडे सरकार हातात ठेवत होतं. या कायद्याखाली सुमारे १६ लाख लोकांच्या नावावर २७ कोटी एकर गेले, देशाच्या एकदशांश. याला छदाम म्हणत असतील तर माझ्या भावाला तेवढा छदाम चालेल.

बरं, आणला कुठून? ‘रिकामी जमीन’ या दोन शब्दांवर मला खरा राग आहे, कारण बाकीचं अज्ञान आहे आणि हा खोटेपणा आहे. ऑरेगनची जमीन वाटली तेव्हा तिथल्या मूळ लोकांशी एकही करार मंजूर झालेला नव्हता. आधी वाटप, मग करार. आणि ही माणसं नुसती शिकार करत भटकणारी होती म्हणावं, तर १८०४-०५ च्या हिवाळ्यात पश्चिमेची पाहणी करायला सरकारने पाठवलेली लुइस आणि क्लार्कची तुकडी मिसूरी नदीवर मँडन या मूळ लोकांच्या शेजारी राहिली ती त्यांच्या मक्यावर. तुकडीतले लोहार कुऱ्हाडी घडवून देत आणि बदल्यात मका घेत.

चेरोकींचं तर ऐकाच. हे जॉर्जिया आणि आसपासचे मूळ रहिवासी, शेतकरी. घरं, नांगर, फळबागा. काहींकडे गुलामसुद्धा होते, उगाच संत ठरवायला नको. सिक्वोया नावाच्या त्यांच्यातल्या माणसाने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी लिपी तयार केली. १८२८ मध्ये त्यांचं वर्तमानपत्र निघालं. १८३० मध्ये हुसकावणीचा कायदा झाला, तेव्हा ते कोर्टात गेले. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जॉर्जिया राज्याचे कायदे यांच्या मुलखात लागू नाहीत. सरकारने निकाल बाजूला ठेवला. १८३८ मध्ये सैनिकांनी त्यांना घरांतून काढून छावण्यांत कोंडलं आणि हजार मैल पश्चिमेला चालवलं. सोळा हजारांतले सुमारे चार हजार मेले. तिकडे ‘ही जमीन कायमची तुमची’ म्हणून सांगितलं. १८९३ मध्ये त्यांच्याकडून दबावाखाली विकत घेतलेला पट्टा सरकारने वसाहतवाल्यांसाठी खुला केला. बंदुकीचा बार झाला आणि लोक जमिनीवर हक्काच्या खुंट्या ठोकायला धावले. मेसेजमधल्या रिकाम्या जमिनी या अशा रिकाम्या झाल्या. सरकारने शेतकऱ्याला केलेली सगळ्यात मोठी मदत हीच, आणि तिचा खर्च कोणी सोसला ते उघड आहे.

राहता राहिलं हात पसरणं. कोरड्या मुलखात १६० एकरही पुरत नसत. कितीतरी लोक पाच वर्षं पुरी न करताच परतले. १८७४ मध्ये कॅन्सस, नेब्रास्का, मिनेसोटावर टोळधाड आली. टोळांनी पीक खाल्लंच, औजारांचे दांडेही कुरतडले. लोकांनी मदत मागितली आणि ती मिळालीही. लष्कराने कोट-बूट वाटले, सरकारने बियाण्याला पैसे दिले, आणि जमीन सोडून काही काळ दुसरीकडे गेलात तरी हक्क जाणार नाही अशी सूट दिली. पुढे भाव पडले, व्याज फुगलं, तेव्हा शेतकऱ्यांच्या संघटनांनी काय मागावं? सरकारने गोदामं बांधावीत आणि त्यात ठेवलेल्या मालावर नाममात्र व्याजाने कर्ज द्यावं. या चळवळीतून निघालेल्या पक्षाच्या उमेदवाराला १८९२ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दहा लाखांहून जास्त मतं पडली. तेही हात पसरणारे होते, साडू.

हे सगळं मी भावाला पाठवलं. सकाळी त्याचं उत्तर आलं: “साडूले पाठवलं. पण ताई, एका गाडीले बैलाच्या किती जोड्या लागे वं?”

दोन ते चार, मी कळवलं.