अक्षरी रुपये अकरा लाख फक्त

वर्धा रोडला, बेसा-बेलतरोडीकडे किंवा कोराडी रोडला नवी स्कीम टाकताय? अभिनंदन. जमीन हातात आली, एनए झालं, नकाशा मंजूर झाला, सॅम्पल फ्लॅटमध्ये प्लास्टिकची ऑर्किड लागली, गेटवर झेंडे फडकायला लागले. एकच जिन्नस आणायचा राहिला असेल : अनाथ मुलं. तेवढी आणा, मग नारळ फोडा.

हसू नका. स्विमिंग पूल आता सगळेच देतात. क्लब हाऊसमधली ट्रेडमिल बघून कुणाचे डोळे पाणावत नाहीत. पण 'तुमच्या घरासोबत एका लेकराच्या डोक्यावर छत' असं होर्डिंग लागलं, की टू बीएचके बघायला आलेलं जोडपं थ्री बीएचकेसमोर दोन मिनिटं जास्त रेंगाळतं. पूल निदान खणावा तरी लागतो. छत नुसतं बोललं तरी भागतं. हे मी सांगू शकतो, कारण अशाच एका बालगृहाच्या वह्या मी फुकटात लिहितो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं काम काय? त्या वहीत 'येणे' या सदरात एक रक्कम ठाण मांडून बसली आहे. दरवर्षी ऑडिटर तिची चौकशी करतात, घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची करावी तशी.

तर संस्था निवडताना मडकं वाजवून घेतात तशी वाजवून घ्या. जिच्या विश्वस्तांत वकील आहे, ती बाद. जिची स्वतःची स्लॅबची इमारत आहे, ती बाद. तिला तुमची गरज नाही. टिनाच्या छताची बघा. साइटपासून दोन किलोमीटरच्या आत, म्हणजे मुलं एका मेटाडोरमध्ये आणता येतात. चालवणारी ताई निवृत्त शिक्षिका असावी. अशा बाईला समोरचा माणूस खोटं बोलतोय असं वाटलं, तर आधी स्वतःच्याच मनाची लाज वाटते. हा गुण बाजारात मिळत नाही.

भूमिपूजन डिसेंबरात ठेवा. अधिवेशनासाठी सगळं मंत्रिमंडळ नागपुरात असतं, हवा गार असते, आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, करंड्या स्वस्त पडतात. मे महिन्यात पंचेचाळीसच्या पाऱ्यात मंडप टाकलात तर नारळ आपोआप तडकेल, पण आमदार यायचे नाहीत.

फोटोचं मात्र सांभाळा. सांभाळाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्यात बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून मुलं पाठमोरी उभी करा आणि चेक समोरून घ्या. चेकची ओळख लपवायची सक्ती कुठल्याच कायद्यात नाही.

आता चेक. तो कागदाचा नको. कागदाचा चेक नाही वटला तर चेकच्या कायद्यातलं कलम १३८ मागे लागू शकतं, त्यात दोन वर्षांपर्यंत आत जायची सोय आहे. सनबोर्डचा छापा. चार फूट बाय तीन फूट, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक पाहुणा आणि खाली मुलांचे केस तेवढे दिसतात. आमच्याकडे आलेल्या चेकवर तारखेच्या चौकटीत कंपनीचा लोगो होता, सहीच्या जागी घोषवाक्य होतं, आणि मधोमध ठसठशीत अक्षरात : 'अक्षरी रुपये अकरा लाख फक्त'. त्यातलं 'फक्त' तेवढं खरं निघालं.

स्टेजवर काय बोलायचं ते आधी लिहून घ्या, कारण सगळी कसरत व्याकरणाची आहे. 'देतो' हा शब्द तोंडातून जाता कामा नये. 'देण्यात येईल' म्हणा. कर्मणी प्रयोग ही मराठीने बांधकाम धंद्याला दिलेली सर्वांत मोठी देणगी आहे. त्यात खोली बांधली जाते, बोअर मारला जातो, कूलर बसवले जातात, आणि हे सगळं करणारा माणूस वाक्यात कुठेच सापडत नाही. त्याहून मऊ काही हवं असेल तर 'मानस आहे' म्हणा. मानस कुणालाही असू शकतो. आमच्या समारंभात नवी निवासी खोली 'प्रस्तावित' होती, खेळाच्या मैदानाचा 'संकल्प' होता, बोअरवेलचा 'मानस' होता आणि सहा कूलर 'लवकरच' होते. पंक्तीला बसवून चार पदार्थ वाढले आणि ताट मात्र आणलंच नाही, असा तो प्रकार. ताईंनी मात्र प्रत्येक पदार्थाला हात जोडले.

मैदानाला जागा देतो म्हणालात तरी घाबरू नका. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे जमिनीचं दान नोंदणीकृत बक्षीसपत्रानेच होतं, त्यावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मंडपात पाचशे माणसं टाळ्या वाजवत होती, ती साक्षीदार धरत नाहीत. रेराचंही भय नको. खोट्या जाहिरातीला भुलून ज्याने पैसे भरले त्याला २०१६चा तो कायदा भरपाई मागू देतो. मुलांनी कुठे फ्लॅट बुक केला होता? त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि टाळीला कुणी इसार म्हणत नाही. सीएसआरचं, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकार्याला द्यायचं, ओझं वाटत असेल तर स्कीम भागीदारी फर्मच्या नावावर टाका. दोन टक्क्यांचं ते कलम कंपन्यांना आहे.

एक खड्डा तेवढा खरा आहे, तिथे पाय जपून ठेवा. देणगीचा शब्द मोबदल्याशिवाय दिलेला असतो, म्हणून १८७२च्या करार कायद्याप्रमाणे तो सहसा कोर्टात टिकत नाही. १९१४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. मशिदीच्या दुरुस्तीला एकाने पाचशे रुपये कबूल केले, दुरुस्ती काही सुरू झाली नाही, त्याला पैसे द्यावे लागले नाहीत. हा निकाल तुमचा; फ्रेम करून ऑफिसात लावा. पण त्याआधी १८८६ साली कलकत्त्यात उलटं झालं होतं. हावड्याच्या टाऊन हॉलसाठी एकाने शंभर रुपयांचा आकडा टाकला. वर्गणीदारांच्या भरवशावर समितीने कंत्राटदाराला काम देऊन टाकलं, आणि कोर्ट म्हणालं, शंभर रुपये काढा. थोडक्यात, तुमच्या शब्दावर विसंबून संस्थेने कुदळ मारली की तुम्ही अडकू शकता. म्हणून संस्थेला दर आठवड्याला फोन करून सांगत राहा : ताई, घाई करू नका, आमचा आर्किटेक्ट येऊन जाऊ द्या.

आमच्या ताईंनी घाई केली. कॉलमसाठी आठ खड्डे खणून घेतले, पदरच्या पैशाने. आणि कूलर 'लवकरच' होते म्हणून दोन खोल्यांच्या खिडक्यांचे गज कापून ठेवले, कूलरचं तोंड बसेल एवढे. मृगाचा पाऊस झाला आणि आठही खड्ड्यांत बेडूक आले. मुलांनी त्यांना नावं ठेवली, त्यातलं एक पाहुण्यांपैकी एकाचं होतं. कुणाचं ते मी सांगणार नाही. शेवटी एखादं पोरगं पडेल म्हणून खड्ड्यांभोवती बाभळीच्या काट्या लावल्या. म्हणजे मैदान मिळायचं ते राहिलं, होतं तेही अर्धं गेलं. मी वकिलाकडे कागद घेऊन गेलो. ते म्हणाले, केस चांगली आहे. केस चांगली आहे याचा अर्थ ती बराच काळ चालेल. ताई म्हणाल्या, "मी कोर्टात जाऊन बसू, अन् इकडे कुकर कोण लावन भाऊ?" तिथे विषय मिटला. तेव्हा १८८६ची फार चिंता करू नका. कुकर तुमच्या बाजूने आहे.

कूलरचं वेळापत्रक हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. नागपूरचा माणूस एप्रिल लागला की गच्चीवरून लोखंडी कूलर उतरवतो, जुन्या ताट्या काढतो, नवं वुडवूल किंवा ऐपत असेल तर वाळा भरतो, पंप पाण्यात धरून बघतो, आणि घरातलं कुणीतरी शॉक लागून ओरडतं. तेव्हा ऋतू बदलला असं धरतात. म्हणून मार्चमध्ये तोच शब्द पुन्हा द्या आणि कूलर जुलैत पाठवा. पावसाळी दमटात कूलर म्हणजे खोलीत घातलेला ढग. आमच्याकडे सहापैकी दोन आले, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, विक्री कार्यालयातलेच वापरलेले. एकाची मोटर जळलेली होती, दुसऱ्याचं बूड गंजून गेलेलं होतं. दोन्हींचा मिळून एक करायचा पोरांनी पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही. आता एकाच्या टाकीत मेथी आहे, बरी आली आहे.

मधल्या काळात संस्थेचे फोन येतील. उचला. 'नाही' म्हणणारा बिल्डर मी नागपुरात अजून पाहिला नाही. 'हौ न ताई, करून टाकू', 'या आठवड्यात बसूनच घेऊ', 'सर साइटवर आहेत', एवढ्या भांडवलावर तीन वर्षं आरामात निघतात. ताई ऑफिसात आल्याच तर एसीत बसवा, थंड पाणी द्या, ब्रोशर द्या. ब्रोशरमधली ड्राय बाल्कनी चाळीस चौरस फुटांची होती. ताईंनी ती बोटाने मोजली, कारण तो आकडा त्यांना पाठ आहे : २०१६च्या नमुना नियमांत पंचवीस मुलांना हजार चौरस फुटांची झोपायची खोली सांगितली आहे, म्हणजे डोक्यामागे चाळीस. तुमच्याकडे तेवढ्या जागेत वॉशिंग मशीन राहतं.

वर्षातून एकदा काहीतरी वाटा, म्हणजे संबंध टिकतो. तान्हा पोळा उत्तम. लाकडी बैल ठोकमध्ये स्वस्त मिळतात, चाकं असतात, पुठ्ठ्यावर कंपनीचा स्टिकर मावतो, आणि मुलं खरोखर खूश होतात. खुशी मागची थकबाकी विचारत नाही. त्याच दिवशी शहरात मारबतीची मिरवणूक निघते आणि लोकांच्या तक्रारींचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात, म्हणून धास्ती वाटत असेल तर सोडून द्या. बडग्याला बांबू लागतो, कागद लागतो, पैसे लागतात.

हां, एक राहिलं. तुमच्या स्वतःच्या साइटवरही मुलं आहेत. छत्तीसगड, बालाघाटकडून आलेल्या मजुरांची. एक आई विटा वाहते आणि तिचं तान्हं पोर परातीच्या आवाजात झोपतं, बल्लीला बांधलेल्या साडीच्या झोळीत. १९९६चा कायदा २०२५पर्यंत म्हणत होता की पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी खोली द्या. म्हणून मस्टरवर पन्नासच असायच्या, एक्कावन्नावी नसायची. ही मुलं भूमिपूजनाला बोलवू नका. ती पाठमोरी उभी राहत नाहीत, बघत राहतात.

आणि सगळ्यांत मोठी सोय मी शेवटाला ठेवली आहे. बँकेचं कर्ज थकलं तर बँक म्हातारी होत नाही. तुमचे हे घेणेकरी मात्र मोठे होतात. अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटतं. स्कीम पाच-सहा वर्षं रखडली (आणि ती रखडणारच, रेती मिळत नाही हे कारण बारमाही आहे) की ज्या पोरांना शब्द दिला होता, त्यातलं निम्मं बाहेर पडलेलं असतं. त्या दिवशी हळदीकुंकवाचं ताट धरून उभा होता तो मुलगा आता रिंग रोडला टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. परवा माझ्या स्कूटरचं काढलं, पैसे घेतले नाहीत. पुढच्या बॅचला तुमचं नावही माहीत नाही. देणं फेडायची ही एकच पद्धत आहे ज्यात काहीच करावं लागत नाही.

यंदा मेमध्ये वह्या लिहायला गेलो. दुपारी दोनची वेळ, बाहेर लूच्या गरम झळा, कुत्रंही नव्हतं. लहान पोरांच्या खोलीत जरा कमी तापत होतं, म्हणून बघितलं, तर कूलरसाठी गज कापलेल्या खिडकीत तो सनबोर्डचा चेक बसवलेला. चारही बाजूंनी सुतळीने आवळलेला, अक्षरं आतल्या बाजूला. पहिलीतलं एक पोरगं पडल्या पडल्या त्यावर बोट फिरवत वाचत होतं, 'अ-क्ष-री'. 'क्ष'वर अडलं. मी ताईंना म्हटलं, ऑडिटर म्हणतात ही रक्कम आता बुडीत लिहून टाका, चेक काही वटायचा नाही.

"नाही वटला असं काऊन म्हणता भाऊ," ताई म्हणाल्या, "लू तं अडवून राहिला ना तो."

तेव्हा फेज टूचं भूमिपूजन ठरलं की पुन्हा नक्की बोलवा, मुलं येतील. चेक मात्र आणखी एक छापा, याच मापाचा. मोठ्या पोरांच्या खोलीची खिडकी अजून उघडी आहे.