हॉटस्पॉटमुळे डेटा दुप्पट कापला जातो का?

सुट्ट्यांचे दिवस आले की व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. प्रवासात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवला तर कंपनी डेटा दुप्पट कापते, फोनची बॅटरी कायमची खराब होते आणि गाडीत रेंज हवी असेल तर डोंगलला (लॅपटॉपला मोबाइल इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या वेगळ्या उपकरणाला) पर्याय नाही, असे त्यात ठासून सांगितलेले असते.

पहिले विधान सरळ चुकीचे आहे. लॅपटॉपने वापरलेला एक जीबी सिमच्या खात्यात एक जीबी म्हणूनच नोंदला जातो; आपल्याकडच्या नेहमीच्या प्रीपेड प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला निराळा दर नसतो. तरीही रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा दुपारीच संपतो, ही तक्रार खोटी नव्हे. ही जोडणी मोजक्या डेटाची आहे हे विंडोजला आपण सांगितल्याशिवाय कळतेच असे नाही, त्यामुळे घरच्या वायफायवर असल्याप्रमाणे अपडेट उतरवणे, वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, फोटो चढवणे अशी कामे आपल्या नकळत सुरू राहतात आणि मोठ्या पडद्यासाठी यूट्यूबही अधिक रिझोल्यूशनचा व्हिडिओ निवडू शकते. विंडोजमध्ये हॉटस्पॉटच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावे, मॅकवर ‘लो डेटा मोड’ निवडावा आणि वनड्राइव्हचे सिंक स्वतः थांबवावे. कोटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो आणि मग साधे संकेतस्थळही उघडता उघडत नाही, म्हणून हे निघण्यापूर्वीच केलेले बरे.

बॅटरीबाबत थोडे तथ्य आहे. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही आणि हॉटस्पॉट चालू असलेला फोन तापतो, विशेषतः उन्हात किंवा उशीखाली ठेवलेला. मात्र फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केले, म्हणजे इंटरनेट केबलमधूनच लॅपटॉपला दिले, तर फोनमधले वायफाय बंद ठेवता येते आणि चार्जिंगही होत राहते. त्याचा भार लॅपटॉपच्या बॅटरीवर पडतो, हे अर्थातच आले.

डोंगलचा दावा कोकण रेल्वेवर तपासून पाहावा. या मार्गावर 91 बोगदे असून रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदाच सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. डोंगलमध्येही सिमच असते आणि ते त्याच कंपनीच्या त्याच टॉवरशी बोलते. जिथे त्या कंपनीची रेंज नाही, तिथे डोंगल नवी रेंज निर्माण करत नाही. उलट फोनमध्ये दोन कंपन्यांची सिमे असतील, तर एकीची रेंज गेल्यावर डेटा दुसरीवर वळवता येतो. डब्याची धातूची भिंत सिग्नल अडवते, म्हणून फोन खिडकीशी ठेवल्यानेही फरक पडतो.

डोंगलची खरी सोय त्या संदेशात आलेलीच नाही. बऱ्याच ड्युअल सिम फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल घेतला की पहिल्या सिमचा डेटा बोलणे संपेपर्यंत थांबतो आणि लॅपटॉपवर चाललेली मीटिंग तुटते. ज्यांना प्रवासात सतत फोनही घ्यावे लागतात, त्यांनी वेगळ्या डोंगलवर खर्च करण्यात अर्थ आहे.